हाडाच्या कॅन्सरनंतर: "आता सगळं विसर" म्हणजे नेमकं काय विसरायचं?

डावा_विंगर (डिचोली)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, आज लिहायला बसलो.

वय २६. विसाव्या वर्षी डाव्या मांडीच्या हाडात, गुडघ्याच्या जरा वर, ऑस्टिओसार्कोमा (हाडाचा कॅन्सर) निघाला. गावात फुटबॉल खेळायचो, त्यामुळे गुडघा सुजला की लिगामेंट, असंच सगळे धरून चालले होते. रात्री झोपेतून उठवणारी कळ यायला लागली तेव्हा बांबोळीचं मेडिकल कॉलेज, तिथून मुंबईला परळचं टाटा हॉस्पिटल. आधी केमो, मग खराब हाड काढून धातूचा सांधा, मग परत केमो. पाय राहिला.

यंदा डॉक्टर म्हणाले, पाच वर्षं झाली, आता वर्षातून एकदा आलास तरी चालेल. घरी पेढे वाटले. नातेवाईक म्हणतात, "सुटलास बाबा, आता सगळं विसर." आणि हेच लोक त्याच दमात म्हणतात, स्कूटर चालवू नको, नदीत उतरू नको, एकटा राहू नको, जड उचलू नको. म्हणजे विसरायचं ते मी एकट्याने. बाकी कोणी काहीच विसरत नाही.

मला वेर्ण्याला चांगली नोकरी मिळतेय. डिचोलीहून पणजीला बस बदलून रोज जाणं-येणं या पायाने झेपणार नाही, म्हणून कुठ्ठाळीला खोली घ्यायचा विचार आहे. आईने दोन दिवस अबोला धरला. शिवाय स्थळं यायला लागलीत, त्यांना काय आणि कधी सांगायचं? नोकरीच्या मेडिकल फॉर्मवर काय लिहायचं? आणि साधं काही दुखलं तरी पोटात गोळा येतो, तो कधी जातो का?

तुमच्यापैकी कोणी यातून गेलं असेल तर जरूर लिहा. "पॉझिटिव्ह राहा" सोडून काहीही चालेल.

अबोली_फोंडा

माझ्यापेक्षा लहान आहेस म्हणून अरेतुरे करते.

मला चोविसाव्या वर्षी उजव्या दंडाच्या हाडात युइंग सार्कोमा, म्हणजे हाडाचाच दुसरा एक कॅन्सर, झाला. केमो, ऑपरेशन, रेडिएशन. आज ३७ ची आहे, हायस्कूलमध्ये गणित शिकवते. हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून फळ्याच्या वरच्या भागात मुलं लिहितात. पहिल्या बाकावरच्या उंच पोरांत त्यासाठी भांडणं होतात.

आधी तुझा शेवटचा प्रश्न घेते, कारण बाकी सगळ्याच्या मुळाशी तोच आहे. गोळा पूर्ण जात नाही, पण त्याची वेळ ठरते. माझा तपासणीच्या आठवड्यात येतो. कोकणकन्येत बसेपर्यंत मी घरात सगळ्यांवर खेकसत असते. नवऱ्याला हे पाठ झालंय, त्या आठवड्यात तो मला घरखर्चाचंसुद्धा काही विचारत नाही. त्या दिवसांत कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा नाही, एवढं आम्ही ठरवून टाकलंय.

आणि दुखण्याचं म्हणशील तर माझ्या डॉक्टरांनी एक हिशेब घालून दिला होता, तो फार उपयोगी पडला. कारण माहीत असलेलं दुखणं (काल मटार सोलायला तासभर बसले, आज खांदा भरून आला) दोन-चार दिवस बघायचं. कारण नसताना सुरू झालेलं, वाढत जाणारं, रात्री उठवणारं दुखणं, किंवा हाताला लागणारी गाठ, किंवा न जाणारा खोकला असेल तर वार्षिक तारखेची वाट न बघता फोन करायचा. हे लिहून फ्रिजवर लावलं. मग दर कळेला मनात खटला चालवावा लागत नाही.

लग्नाचं रात्री लिहिते, पेपर तपासायचे आहेत.

निसर्गमित्र

केमोचं विष शरीरात वर्षानुवर्षं राहतं. रोज सकाळी गव्हांकुराचा रस आणि माझ्याकडे एक खास काढा आहे, तीन महिन्यांत शरीर शुद्ध. व्यनि (खाजगी निरोप) करा.

फिजिओताई_मडगाव

निसर्गमित्र, केमोच्या औषधांचा बहुतेक भाग शरीरातून काही दिवसांत निघून जातो. मागे राहतो तो त्यांनी केलेला परिणाम, आणि तो काढ्याने धुतला जात नाही. उलट सिस्प्लॅटिन आणि आयफॉस्फामाइड ही केमोची औषधं घेतलेल्या माणसाची मूत्रपिंडं आधीच नाजूक असू शकतात. त्यांच्यावर कशाकशाची भस्मं घातलेला काढा कशाला ओतायचा? त्याच कारणाने गुडघा ठणकला की दुकानातून ब्रुफेन आणून चघळणंसुद्धा बरं नाही, आधी डॉक्टरांना विचारावं.

डावा_विंगर, मी फिजिओथेरपिस्ट आहे, तुमचे रिपोर्ट बघितलेले नाहीत, तेव्हा हे सर्वसाधारण समजा. तुम्ही घरच्यांची जी यादी दिलीत ती वाचून मला पहिला प्रश्न पडला तो हा, की यातली कुठली मनाई सर्जनची आणि कुठली घरची? माझ्याकडे येणारी निम्मी मुलं या दोन्हींची सरमिसळ घेऊन येतात. वर्षाकाठी घरची यादी वाढत जाते आणि सर्जनची यादी कोणाला आठवत नाही.

धातूच्या सांध्याबाबत सर्जन सहसा काय म्हणतात ते सांगते. धावणं, उड्या, धक्काबुक्कीचे खेळ नकोत, कारण सांधा सैल होतो, कधी मोडतो, आणि तुमच्या वयाच्या माणसाला तो आयुष्यभर पुरेल असं नाही. कधीतरी बदलावा लागणार. उकिडवं बसणं, मांडी घालणं नाही. पोहणं मात्र उत्तम, सपाटीवरची सायकल उत्तम, मांडीच्या पुढच्या स्नायूचे व्यायाम तर जन्मभर. वजन आटोक्यात.

नदीचं म्हणाल तर पोहायला हरकत नाही, पण शेवाळलेल्या घाटावरून उतरण्याला आहे. तिथे आईचं बरोबर आहे. बिनगिअरच्या स्कूटरला बरेच सर्जन स्नायूंची ताकद बघून परवानगी देतात. थांबताना उजवा पाय टेकायचा, पावसात रेतीमातीच्या वळणावर जायचं नाही. पण हे तुमच्या सर्जनच्या तोंडून ऐका, आणि शक्य असेल तर ऐकताना आई शेजारी बसलेली असू दे.

एक गोष्ट मात्र घरचे कधीच सांगत नाहीत: जंतुसंसर्ग. सांध्यावर लाली, ऊब, पाणी येणं, ताप, असं काही झालं तर केमिस्टकडून अँटिबायोटिक घेऊन गप्प बसू नका, आधी सर्जन. दातांकडेही लक्ष ठेवा, किडलेला दात पिकेपर्यंत थांबू नका. ही भीती खरी आहे आणि ती बाळगावी.

डावा_विंगर

ताई, देव बरें करूं. तुमचं वाचून कागद घेऊन बसलो. घरच्या यादीतल्या अकरा गोष्टींपैकी सर्जनने प्रत्यक्ष मना केलेल्या तीन निघाल्या. त्यातली एक (गणेश चवथीला खाली बसणं) मी स्वतःच मोडत होतो. आरतीला खुर्ची घेतली की आजोबांच्या रांगेत बसावं लागतं ना.

चिरेखाण (पेडणे)

खुर्चीची लाज? माझ्याकडे बघ. मी पायच घरी विसरून अंगणात येतो कधीकधी.

माझा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापला, तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. गाठ रक्तवाहिनीला इतकी चिकटली होती की पाय ठेवायला वावच नव्हता. पहिला कृत्रिम पाय जयपूरचा. सेठी डॉक्टर आणि रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिराने तो १९६८ मध्ये बनवला, तो भारतातल्या माणसाचं जगणं बघून: अनवाणी चाला, चिखलात जा. शेतात, दुकानात त्याच्यावरच माझी दहाएक वर्षं गेली. आता वेगळा आहे, पण मिरगाच्या पावसात अजून जुनाच काढतो.

गोव्यात कृत्रिम पायाचे दोन शत्रू, घाम आणि शेवाळ. एप्रिल-मेमध्ये सॉकेटच्या (कापलेल्या पायाचा खुंट ज्यात बसतो तो साचा) आत घाम साचून कातडी सोलते. खुंटाचे मोजे दिवसातून बदल, रात्री कातडी आरशात बघ, लाल डाग दिसला तर एक दिवस कुबडी घे. त्या एका दिवसाचा कंटाळा केला की पुढे पंधरवडा घरी. वजन वाढलं-घटलं की सॉकेट बसत नाही, म्हणून चवथीच्या नेवऱ्या मोजून. पावसाळ्यात चिऱ्याच्या पायऱ्यांवर हिरवं चढतं, ते मी ब्लीचिंग पावडर टाकून स्वतः घासतो. दर्यावर कोरड्या रेतीत पाय रुततो, ओहोटीच्या वेळी ओल्या टणक रेतीवर चालायचं. खारं पाणी लागलं की घरी येऊन गोड्या पाण्याने धुवायचा.

नसलेल्या अंगठ्याला खाज सुटते ती अजून सुटते. आधी घाबरायचो, आता आरशासमोर बसून चांगला पाय खाजवतो. हसू नका, आरशाचा उपाय डॉक्टरांनीच सांगितलेला.

आणि एक तक्रार. दर वर्षी कोणीतरी मला टेरी फॉक्सची गोष्ट पाठवतो. कॅनडाचा पोरगा, १९७७ मध्ये हाच आजार, हाच उजवा पाय गुडघ्यावरून गेला, १९८० मध्ये तो १४३ दिवस धावला, पाच हजारांवर किलोमीटर. मोठा माणूस, दुमत नाही. पण पाठवणारे अर्धीच गोष्ट पाठवतात. तो थांबला कारण आजार फुप्फुसांत गेला होता, आणि १९८१ मध्ये, तेवीस पूर्ण व्हायच्या आधी गेला. त्या काळातली औषधं तेवढीच. मी त्या गोष्टीतून एवढंच घेतो की छातीची तपासणी चुकवायची नाही. मला देश पालथा घालायचा नाही, दुकान वेळेवर उघडायचं आहे.

मांडवीकाठ

चिरेखाण, शेवटच्या वाक्याला +१००

अबोली_फोंडा

पेपर झाले. लग्नाबद्दल.

मध्यस्थाच्या पहिल्या फोनवर सांगायची गरज नाही, आणि साखरपुड्यानंतर तर अजिबात नाही. दोन्ही घरांनी देण्याघेण्याचं बोलायच्या आधी, ज्या माणसाबरोबर राहायचं त्याला, आपण स्वतः सांगायचं. काकांनी परस्पर "लहानपणी हाताला काहीतरी झालं होतं" असं गुंडाळून सांगितलेलं पुढे आपल्यालाच निस्तरावं लागतं. मी रिपोर्टची फाईल घेऊन गेले होते. दोन ठिकाणी एकदम पत्रिका जुळेनाशी झाली, जिथे आदल्या आठवड्यात छत्तीस गुण होते. तिसऱ्याने फाईल बंद केली आणि विचारलं, हात दुखतो का. त्याच्याशीच लग्न केलं.

लोक दोन गोष्टी विचारतील, तयारीत राहा. पोरांना होईल का? बहुतेक हाडांचे कॅन्सर घराण्यातून येत नाहीत. काही थोड्या कुटुंबांत जनुकीय दोष असतो, घरात लहान वयातले कॅन्सर बरेच असतील तर डॉक्टरांना तसं विचारावं. आणि मूल होईल का? केमोने त्यावर परिणाम होऊ शकतो, विशेषतः आयफॉस्फामाइडसारख्या औषधांनी. मुलग्यांचं वीर्य केमोआधी गोठवून ठेवता येतं. तुझं ठेवलं नसेल तरी घाबरू नकोस, साधी तपासणी करून घे, अंदाजाने रडण्यापेक्षा बरी. मुलींनी पाळी नियमित आली म्हणून निर्धास्त राहू नये, ती लवकर जाऊ शकते. मी हार्मोनची तपासणी केली, मग हृदयाच्या डॉक्टरांना भेटले, मग चान्स घेतला. डॉक्सोरुबिसिनने (तेच ते लाल औषध) हृदयाचा स्नायू कमजोर होऊ शकतो, कधी कित्येक वर्षांनी, आणि गरोदरपणात हृदयावर भार येतो. म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी). मुलगी आता सहा वर्षांची आहे, याच क्षणी माझा लाल पेन पळवते आहे.

विंगर, तुझा इको शेवटचा कधी झाला?

डावा_विंगर

ऑपरेशननंतर कधीतरी. छातीचं स्कॅन दर वेळी होतं, पण इकोचं कोणी बोललं नाही, मीही विचारलं नाही. आणि कानात सतत एक बारीक शिट्टी वाजते, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

फिजिओताई_मडगाव

असू शकतो. सिस्प्लॅटिन वरच्या पट्टीचं ऐकू येणं कमी करतं आणि कानात आवाज ठेवून जातं. गर्दीत बोलणं कळत नाही, 'स' आणि 'श' निसटतात, लोकांना वाटतं लक्ष नाही. कानाची तपासणी एकदा करूनच घ्या. आणि दिवाळीच्या आदल्या नरकासुराच्या रात्री त्या भिंतीएवढ्या स्पीकरसमोर उभं राहणं बंद. ही मनाई माझी, आईला सांगितलीत तर ती खूश होईल.

परळहून उपचारांचा सारांश मागून घ्या: कुठलं औषध, एकूण किती मात्रा, ऑपरेशनची तारीख, सांध्याचा प्रकार. डॉक्सोरुबिसिनची एकूण मात्रा जास्त झाली असेल तर साधारण दर दोन वर्षांनी इको करायला सांगतात. तो गोव्यात कुठेही होतो, पण सांगणाऱ्या डॉक्टरला मात्रा माहीत हवी. पाच वर्षांनंतर बहुतेक जण हाच कागद नसल्यामुळे अडतात. आजार परत येण्याचा धोका पहिल्या दोन-तीन वर्षांत सगळ्यात जास्त, तो तुम्ही मागे टाकला. आता लक्ष ठेवायचं ते औषधांच्या मागे राहिलेल्या गोष्टींवर.

पे_स्लिप (वास्को)

कंपनीत मनुष्यबळ विभागात आहे, कोरडं लिहितो.

मेडिकल फॉर्म: विचारलं असेल ते खरं लिहा. "अमुक साली उपचार पूर्ण, सध्या आजार नाही", सोबत डॉक्टरांचं फिटनेस पत्र. न विचारलेलं सांगत बसू नका. कंपनीच्या ग्रुप विम्यात जुने आजार बहुधा पहिल्या दिवसापासून धरतात, रुजू होताना विचारून घ्या, कारण तुमच्यासाठी हा पगाराइतकाच मोठा मुद्दा आहे. स्वतःची पॉलिसी काढलीत तर २०२४ पासून जुन्या आजारासाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, आधी ते चार होतं. लपवून पॉलिसी घेऊ नका, क्लेमच्या वेळी तेच काढतात.

अपंगत्वाचा दाखला काढला का? लाज नको. २०१६ च्या कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा जास्त असेल तर सरकारी नोकऱ्यांत चार टक्के राखीव जागांसाठी धरतात. आयकराच्या जुन्या पद्धतीत त्यासाठी ७५ हजारांची वजावट, ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख. तपासणीसाठी जाताना रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट फुकट, सोबत्याला ७५ टक्के सूट, त्यासाठी हॉस्पिटलचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. डीडीएसएसवायचं, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेचं, कार्ड (अडीच लाख, चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला चार लाख) नूतनीकरण केलेलं आहे ना ते बघा. बरे झालो म्हणून लोक कार्डच सोडून देतात.

मोपा विमानतळावर मशीन वाजणारच. एक्स-रेचा फोटो फोनमध्ये ठेवा, पॅंट वर करून दाखवायची वेळ येत नाही.

वाळपयची_आई

मी कधी लिहीत नाही, पण हा धागा तीनदा वाचला. माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, त्यालाही गुडघ्यापाशी हेच. दोन केमोंच्या मधे घरी आलोय. ऑपरेशन पुढच्या महिन्यात. लोक म्हणतात, मैदानात पडला त्यामुळे झालं, मी खेळायला पाठवलं नसतं तर. कोणी नीट सांगाल का? आणि आम्ही काय करावं, तुमच्या आईने काय करायला हवं होतं?

फिजिओताई_मडगाव

वहिनी, पडल्यामुळे हा कॅन्सर होत नाही. पडल्यामुळे दुखतं, दुखल्यामुळे एक्स-रे निघतो, आणि आधीपासून असलेली गाठ सापडते. खेळत नसता तर कदाचित उशिरा सापडली असती. आजार पसरलेला नसेल तर आज दहांतली सहा-सात मुलं यातून नीट बाहेर येतात. केमो नव्हतं त्या काळी नुसता पाय कापून दहांतली दोन वाचायची. हे मनाशी पक्कं धरा आणि "पाठवलं नसतं तर" म्हणणाऱ्याला चहा न देता वाटेला लावा.

डावा_विंगर

मावशी, माझ्या आईने जे केलं ते सगळं बरोबर केलं. वर्षभर परळला एका खोलीत माझ्याबरोबर राहिली, तोंड सोलून निघालं होतं तेव्हा चमच्याने पेज भरवली. एकच सांगेन, त्याला विचारून करा. मला कोणी भेटायला यायचं, कोणाला फोटो पाठवायचा, डोकं झाकायचं की नाही, हे माझ्या वतीने घरचे ठरवायचे. पायाचं आपल्या हातात नव्हतं, निदान टोपीचं असायला हवं होतं. शाळेच्या मित्रांना येऊ द्या (ताप-सर्दी नसलेल्यांना). आणि ऑपरेशनआधी फिजिओला भेटवा, नंतर कुठले व्यायाम लागणार ते पाय दुखत नसताना शिकलेलं बरं.

फुटबॉलचं विचारेल तर खोटं सांगू नका. खेळता येत नाही. मी गावच्या स्पर्धेत माईकवर बसतो. सुरुवातीला मैदानाकडे बघवत नव्हतं, दोन मोसम गेलोच नाही. आता रेफरीला शिव्या घालायचा परवाना माझ्याकडे आहे. दर शनिवारी कांपालच्या जलतरण तलावात पोहतो.

बाकीच्यांसाठी: आईला घेऊन सर्जनशी फोनवर बोललो. स्कूटरला हो म्हणाले, पावसाळा सोडून. इको लिहून दिला आहे. खोलीबद्दल आईने विचारलं, "तिथे कमोड आहे का?" म्हणजे अर्धं काम झालं.

चिरेखाण (पेडणे)

कमोडबरोबर भिंतीला दांडी ठोकून घे. आणि खोली तळमजल्यावरच.

केस_कधी

मी वाळपयचा. आईच्या फोनवरून वाचत होतो, आता माझं खातं काढलं. तिला सांगू नका. केमो संपल्यावर केस सरळ येतात की कुरळे? आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा उभं राहताना किती दुखतं, खरं सांगा.

डावा_विंगर

माझे कुरळे आले, वर्षभरात परत सरळ झाले. उभं राहताना दुखतं, भरपूर. पण त्याहून जास्त चक्कर येते, कारण बरेच दिवस आडवा असतोस. पहिल्या दिवशी पलंगाच्या कडेला पाय सोडून नुसता बस, घाई करू नको. दुखण्याचं औषध व्यायामाच्या अर्धा तास आधी माग, नंतर नाही. नर्सला तसं आधीच सांगून ठेव.

वाळपयची_आई

मी पण वाचतेय. पेज थंड होतेय, खाली ये.